चांदी भरायची की नाही यावर भांडून झालं असेल तर आता ड्रेनकडे बघूया

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात मिनामाता करारातल्या, म्हणजे पाऱ्याचा वापर आटोक्यात आणायच्या जागतिक करारातल्या, देशांनी ठरवलं की दाढेत भरायची चांदी, म्हणजे अमाल्गम, २०३४ पर्यंत बंद करायची, आणि तेव्हापासून जिथे चार डेंटिस्ट जमतात तिथे एकच वाद. एक बाजू म्हणते तोंडात पारा म्हणजे विष, आहेत तेवढ्या सगळ्या काढून टाका. दुसरी म्हणते दीडशे वर्षांहून जास्त काळ कोट्यवधी लोकांच्या तोंडात चांदी आहे, कोणाला काय झालं, हे सगळं पर्यावरणवाल्यांचं खूळ. मी वीसेक वर्षं दात बघतेय, सुरुवातीच्या काळात स्वतः हजारो दाढांत चांदी भरली आणि आता रोज एखादी तरी काढते, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून मला एकच वाटतं की जखम मांडीला आणि मलम शेंडीला चाललंय. सगळा वाद तोंडाच्या आतल्या पाऱ्यावर. तोंडातून बाहेर पडलेला पारा कुठे जातो हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. बंदी येवो न येवो, खरा प्रश्न आपल्या दवाखान्यातून काय बाहेर जातं हा आहे, ते खुर्चीपाशीच अडवणं ही ते निर्माण करणाऱ्याची, म्हणजे आमची, जबाबदारी आहे, आणि ती पिशवीला गाठ मारली की संपत नाही.

आधी जुनी चांदी काढताना काय होतं ते बघा, कारण पेशंटला ते दिसत नाही आणि आम्ही बघत नाही. अमाल्गममध्ये वजनाने जवळपास निम्मा पारा, बाकी खरीखुरी चांदी, कथिल, तांबं. हाय-स्पीड बर, म्हणजे दात कोरायची ड्रिल, लावली की त्याचे तुकडे उडतात आणि सोबत अगदी बारीक भुकटी होते, ती पाण्यात मिसळून सक्शनमधून ओढली जाते. खुर्चीला एक जाळी असते, साधारण पाऊण मिलीमीटरच्या छिद्रांची. मोठे तुकडे तिथे अडकतात, पुढे सक्शनच्या मोटरपाशी अजून एक फिल्टर असतो तिथे आणखी थोडे, पण भुकटीचा बारीक भाग या दोघांनाही चुकवून सरळ गटारात. आणि जाळीत जे अडकलं त्याचं काय? आठवड्याच्या शेवटी असिस्टंट ती जाळी काढते, सिंकच्या कडेवर दोनदा आपटते आणि नळाखाली धरते. म्हणजे जे अडकलं होतं तेही गेलं. माझ्या दवाखान्यात पहिली कितीतरी वर्षं हेच चालायचं आणि ते तिला मीच शिकवलं होतं, कारण मलाही कोणीतरी तसंच शिकवलं होतं. कॉलेजमध्ये चांदी कशी घोटायची, कशी दाबायची, कशी कोरायची, दुसऱ्या दिवशी पॉलिश कशी करायची यावर आमचे महिने गेले. काढलेली चांदी कुठे टाकायची यावर एक तास झाल्याचं मला आठवत नाही.

हा वाद नवा नाही बरं का. १८३३ मध्ये क्रॉकर बंधू ही चांदी घेऊन न्यूयॉर्कला आले आणि थोड्याच वर्षांत तिथल्या डेंटिस्टांत इतकं पेटलं की त्या काळाला अमाल्गम युद्ध असंच नाव पडलं. १८४० मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून अमाल्गम वापरणार नाही अशी प्रतिज्ञा लिहून घ्यायला सुरुवात केली, लोक बाहेर पडत गेले आणि १८५६ मध्ये ती संघटनाच मोडली. १८५९ मध्ये नवी संघटना उभी राहिली. एवढं सगळं झालं पण त्या भांडणाचा विषय एकच होता, पेशंटला बाधतं की नाही बाधत. आजचा वाद ऐका, शब्द बदललेत, विषय तोच. पावणेदोनशे वर्षं आपण दाढेच्या आत बघून भांडतोय आणि तेवढाच काळ सिंकचा नळ चालू आहे.

आता समोरच्यांच्या ज्या गोष्टी बरोबर आहेत त्या मान्य करूनच पुढे जायला हवं, नाहीतर मीही तेच करतेय असं होईल. घट्ट बसलेली, न फुटलेली चांदी बहुतेकांना त्रास देत नाही हे खरंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०२० मध्ये गरोदर बायका, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचे आजार असलेले लोक अशा काही गटांत नवी चांदी भरणं टाळा असं सांगितलं, पण त्याच वेळी चांगली असलेली जुनी चांदी विनाकारण उकरू नका असंही सांगितलं, कारण उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते. दुसरं, जगात पारा पसरवणाऱ्यांत दवाखाने फार मागे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात माणसामुळे वर्षाला हवेत जाणारा पारा २२०० टनांच्या आसपास धरलाय, त्यातला ३८ टक्के लहान-सहान सोन्याच्या खाणींतून आणि मोठा वाटा कोळसा जाळण्यातून. आणि तिसरं, अमाल्गममधला पारा धातूत बांधलेला असतो, पाण्यात टाकला म्हणून लगेच विरघळत नाही. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी ते कुठेही नाकारत नाही.

पण खरे असले तरी त्यातून ‘मग ड्रेनमध्ये जाऊ दे’ हे कसं निघतं? सोन्याच्या खाणी मोठ्या गुन्हेगार आहेत म्हणून आम्ही निर्दोष? मोजताना कुठे मोजतोय तेही बघायला नको का? हवेतला हिशोब केला तर आम्ही कोपऱ्यात असू, पण शहराच्या सांडपाण्यातला पारा मोजायला गेलं की चित्र उलटं होतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने दातांच्या दवाखान्यांच्या सांडपाण्याचा २०१७ चा नियम आणताना स्पष्ट म्हटलं की सार्वजनिक सांडपाणी केंद्रांत येणाऱ्या पाऱ्याचा मुख्य स्रोत दातांचे दवाखाने आहेत, अंदाज वर्षाला सुमारे ५ टन. कारखाना असता तर कोणीतरी नळीवर बोट ठेवून दाखवलं असतं. इथे लाखभर छोट्या नळ्या आहेत आणि प्रत्येक नळीचा मालक म्हणतो माझ्यातून जातं ते किती, चिमूटभर. थेंबे थेंबे तळे साचे आपण पोरांना शिकवतो ते फक्त पैशाबद्दल नाही ना.

राहिला बांधलेल्या पाऱ्याचा मुद्दा. तो बांधलेला राहतो कुठे पण? सांडपाणी केंद्रात भुकटी जड म्हणून गाळात बसते, तो गाळ वाळवून कुठे शेतात पसरतात, कुठे जाळतात. जाळला की पारा वाफ होऊन वर. नदीच्या, खाडीच्या तळाशी पोचला तर तिथे हवेविना जगणारे जीवाणू थोडाथोडा पारा मिथाइल पाऱ्यात, म्हणजे शरीरात साठणाऱ्या जास्त विषारी रूपात, बदलतात, आणि तो मग शेवाळातून बारक्या माशात, बारक्यातून मोठ्यात, दर पायरीला वाढत वाढत जातो. आणि एक गोष्ट तर आमच्या रोजच्या हातातली आहे, हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. रूट कॅनल धुवायला आम्ही तेच वापरतो, आणि वास येतो म्हणून पुष्कळ ठिकाणी सक्शनच्या नळ्यांतही संध्याकाळी तेच ओततात. ब्लीचने अमाल्गममधला पारा सुटा होऊन पाण्यात येतो! म्हणजे ज्या बांधलेपणाच्या जोरावर आपण निर्धास्त असतो तो रोज संध्याकाळी आपणच सोडवतो. म्हणून त्या २०१७ च्या नियमात सक्शन लाइन धुवायला ब्लीचसारखी ऑक्सिडायझिंग द्रव्यं नकोत आणि पीएच ६ ते ८ च्या मधला हवा असं लिहिलंय. हा बदल करायला एक रुपयाचं यंत्र लागत नाही, फक्त बाटली बदलायची, आणि तरी मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

ज्या गावाचं नाव त्या कराराला दिलंय त्या मिनामाताची गोष्ट इथे आठवायलाच हवी, आणि ती जरा नीट आठवायला हवी. जपानमधल्या त्या गावात १९३२ पासून कारखान्याचं पारा असलेलं पाणी खाडीत जात होतं, आधी मांजरं वेड्यासारखी उड्या मारत मेली, मग माणसं, १ मे १९५६ ला आजाराची अधिकृत नोंद झाली आणि सरकारने कारण कबूल करायला १९६८ उजाडलं. तिथला पारा कारखान्यातूनच मिथाइल होऊन बाहेर पडत होता, आमचा तसा नाही, त्यामुळे थेट तुलना मी करत नाही. मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग झोपू देत नाही. १९५८ मध्ये पाण्याचं तोंड खाडीतून काढून नदीच्या मुखाशी नेलं, तर नव्या जागीही माणसं आजारी पडायला लागली. मग १९५९ च्या डिसेंबरमध्ये गाजावाजा करून पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, लोकांना वाटलं सुटलो, आणि त्या यंत्रात तो पारा काढायची सोयच नव्हती. यंत्र होतं, पाणी स्वच्छ दिसत होतं, म्हणून आणखी कितीतरी वर्षं कोणी विचारलं नाही.

हे मी का सांगतेय? कारण आमच्याकडेही यंत्र आहे. अमाल्गम सेपरेटर नावाचं. सक्शनच्या लाइनवर बसतं, भुकटी खाली बसवून किंवा गाळून वेगळी करतं, आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वजनाच्या निदान ९५ टक्के तरी अडवायला हवं. युरोपात ते २०१९ पासून सक्तीचं आहे, अमेरिकेत २०२० च्या जुलैपासून. हे चांगलंच झालं आणि जिथे सक्ती नाही तिथेही आपणहून बसवायला हवं. पण त्याचा डबा भरतो. भरला की बदलावा लागतो, नाही बदलला तर पाणी वरून तसंच पुढे जातं आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट मात्र तसंच लटकत राहतं. तपासणीला येणारा यंत्र आहे का ते बघतो. डबा शेवटचा कधी बदलला, त्यातला गाळ कोणाला दिला, त्याची पावती कुठे आहे, हे विचारणारा मला अजून भेटायचाय. बसवण्याची सक्ती आणि चालवण्याकडे कोणी बघतच नाही, याला काय अर्थ?

बरं, ज्यांना कचऱ्याची काळजी आहे अशा चांगल्या डॉक्टरांतही एक मोठा गैरसमज आहे, की जे जे घाण ते सगळं जंतूंच्या, म्हणजे संसर्गाच्या कचऱ्याच्या, पिशवीत टाकलं की आपण सुरक्षित. कापूस, ग्लोव्हज, चहाचा कप, अमाल्गमची रिकामी कॅप्सूल, चांदीसकट उपटलेली दाढ, सगळं एकाच पिशवीत. दिसायला किती जबाबदार. आणि ती पिशवी जाते भट्टीत. पारा ३५७ अंशांना उकळतो, भट्टीचं तापमान त्याच्या कितीतरी वर, म्हणजे गटारात जाऊ नये म्हणून जपलेला पारा आपण धुराड्यातून सोडला. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, टाकला तरी वाफ निघतेच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, आणि हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. १९८७-८८ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वापरलेल्या सुया वाहून आल्या, एड्सच्या भीतीचे दिवस, लोकांनी समुद्रावर जाणं सोडलं, १९८८ मध्येच घाईने कायदा झाला. दवाखान्यांनी भीतीपोटी जे दिसेल ते लाल पिशवीत, म्हणजे तिथल्या संसर्गाच्या कचऱ्याच्या पिशवीत, भरलं आणि लाल पिशव्या भट्टीत गेल्या. १९९४ मध्ये त्यांच्याच पर्यावरण खात्याच्या मसुद्यात निघालं की डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन सोडणाऱ्यांत दवाखान्यांच्या भट्ट्या अगदी पुढे आहेत, पारा होताच, आणि १९९७ मध्ये कडक नियम करून त्या बंद करायची वेळ आली. साप म्हणून भुई धोपटली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दवाखान्यांच्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के घरच्या कचऱ्यासारखाच असतो, धोका उरलेल्या १५ मध्ये. मग कौशल्य कशात आहे? ते १५ नेमके ओळखण्यात. आणि ती ओळख कचरा हातातून सुटतो त्याच सेकंदाला करायची असते, नंतर पिशवी उघडून कोणीही करू शकत नाही आणि करूही नये.

सुया हा त्या १५ मधला माझ्यासाठी सगळ्यात नाजूक विषय. दाताच्या भुलीची सुई एकाच पेशंटला दोनदा-तीनदा लागते, मध्ये झाकण परत लावलं जातं, तिथे टोचतं. भुलीच्या औषधाच्या काचेच्या कार्ट्रिजमध्ये बऱ्याचदा पेशंटचं रक्त ओढलं गेलेलं असतं हेही पुष्कळांच्या लक्षात नसतं. माझ्या जुन्या असिस्टंटला एकदा ट्रे आवरताना सुई टोचली, कापसाच्या बोळ्याखाली होती, मी ठेवलेली. ताईने रक्त धुतलं, पट्टी लावली आणि मलाच म्हणाली, काही नाही हो मॅडम, तुम्ही घाबरू नका. पुढचे सहा महिने तिच्या टेस्ट होईपर्यंत माझी काय अवस्था होती ते मला माहीत, तिची काय असेल ते मी विचारायचं धाडसही केलं नाही. सुदैवाने सगळं निगेटिव्ह आलं. संसर्ग असलेल्या माणसाची सुई टोचली तर लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत, सी ची तेव्हा धरायचे ती १.८, एचआयव्हीची ०.३, हे आकडे आम्ही परीक्षेला पाठ केलेले. फक्त लस घेतलेल्या डॉक्टरला टोचणं वेगळं आणि पिशवीतून बाहेर आलेली सुई कचरा उचलणाऱ्या माणसाच्या पायात जाणं वेगळं. त्याला ती कोणाची हे कधीच कळणार नाही, लस बहुधा मिळालेली नसते, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचंच असतं.

खर्चाचं काय, हा प्रश्न आता येणारच आणि तो खोटा नाही. एका खुर्चीचा दवाखाना, भाडं, पगार, कर्ज, वर सेपरेटर, वर त्याचा डबा, वर कचरा नेणाऱ्याचे पैसे. मोठ्या हॉस्पिटलला जे सहज परवडतं ते छोट्याला जड जातं, आणि चांदी स्वस्त आणि टिकाऊ आहे म्हणूनच ती गरिबांच्या तोंडात जास्त आहे हेही खरं. पण खर्च आपण टाळला म्हणून तो नाहीसा होतो का? तो दुसऱ्याच्या पदरात पडतो. मासे खाणाऱ्याच्या, गाळावर पिकवणाऱ्याच्या, त्या पिशव्या उचलणाऱ्याच्या. मला १९८६ ची आठवण करून द्यावीशी वाटते. तोपर्यंत बहुतेक डेंटिस्ट उघड्या हातांनी काम करायचे, त्या वर्षी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, प्रत्येक पेशंटसाठी ग्लोव्हज घाला असं सांगितलं तेव्हा हेच सगळं ऐकू आलं, खर्च किती, बोटांना दाताचा स्पर्श कळत नाही, पेशंटला अपमान वाटेल. आज उघड्या हाताने तोंडात बोट घालणाऱ्याकडे कोणी बसेल का? ग्लोव्हजचा खर्च फीमध्ये कधीच मिसळून गेला आणि कोणाचा दवाखाना त्यामुळे बंद पडला नाही. शेजारशेजारच्या दहा दवाखान्यांनी मिळून एकच गाडी ठरवली तर कचऱ्याचंही तेच होईल.

सगळ्यात जड आक्षेप मात्र खर्चाचा नाही. तो असा, की आम्ही इथे वेगवेगळं करतो आणि खाली गाडीत सगळं एकत्रच होतं, मग कशाला? हा प्रश्न मला माझ्या स्टाफने विचारलाय आणि मला लगेच उत्तर देता आलं नव्हतं, कारण काही ठिकाणी असं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण विचार केला तर दोन गोष्टी दिसतात. सुई जाड डब्यात बंद असेल तर गाडीत एकत्र झाली तरी ती टोचत नाही, तिथे तुमचं काम वाया गेलेलं नसतंच. आणि दुसरं, मी वेगळं करून, वजन लिहून, तारीख घालून दिलं तरच मी उद्या गाडीवाल्याला, त्याच्या कंपनीला, नगरपालिकेला विचारू शकते की याचं पुढे काय केलंत. मीच एकत्र करून दिलं तर कोणत्या तोंडाने विचारणार? पुढचा बेजबाबदार आहे हे आपल्या बेजबाबदारपणाचं कारण होऊ शकतं, पण मग त्याचंही कारण आपणच होतो.

आणि बंदी आली की हे सगळं आपोआप सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी साधा हिशोब करावा. नॉर्वेने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये पारा थांबवला, युरोपियन युनियनने २०२५ च्या जानेवारीपासून, अपवाद सोडून. तिथे सेपरेटर काढून टाकले का? नाही, कारण नवी चांदी भरणं थांबलं तरी जुनी तोंडात आहेच. चांगली भरलेली चांदी पंधरा-वीस वर्षं सहज टिकते, कधी त्याहून जास्त. २०३३ मध्ये भरलेली दाढ कोणीतरी २०५० नंतर उकरणार. उलट बंदीच्या बातम्या वाचून लोक घाबरून चांगल्या चांद्या काढून घ्यायला येतायत, म्हणजे येती काही वर्षं ड्रेनकडे जाणारा पारा वाढायचीच भीती जास्त. आणि चांदीच्या जागी येणारं कंपोझिट म्हणजे शेवटी प्लास्टिक आणि काचेची भुकटी, ते घासलं, पॉलिश केलं की त्याचाही बारीक चुरा त्याच नळीतून जातो. एक्स-रेचं बघा, जिथे अजून फिल्म धुतात तिथे जुन्या फिक्सरमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या द्रवात, खरीखुरी चांदी आणि फिल्मच्या पाकिटात शिशाचा पत्रा असतो, दोन्ही परत वापरता येतात आणि दोन्ही सर्रास सिंक आणि डस्टबिनमध्ये जातात. डिजिटल आल्यावर हा प्रश्न खरंच कमी झाला, तेवढं श्रेय नव्या तंत्राला द्यायलाच हवं. पण तंत्र बदललं की सवय बदलते असं मला माझ्या अनुभवात तरी दिसलेलं नाही, सिंक तेच राहतं आणि हात तिकडेच जातो.

माझ्या दवाखान्यात आता जाळी आपटली जात नाही. ती उलटी धरून एका रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत मोकळी करतात, कॅप्सूल आणि चांदी असलेल्या उपटलेल्या दाढा पण तिथेच, बाटलीवर पेनाने तारीख. गेल्या महिन्यात एक पेशंट आले, अठरा वर्षांपूर्वी मीच त्यांच्या खालच्या दाढेत चांदी भरली होती, कडेने फुटलेली, आत कीड. मी ती काढली, त्यांनी चूळ भरली आणि विचारलं, डॉक्टर, ते काळं निघालं ते कुठे गेलं हो? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. मी त्यांना उठवून आत नेलं, सेपरेटरचा डबा दाखवला, बाटली दाखवली. तिसरी बाटली आहे ती, अर्धी भरलीय. पहिल्या दोन नेणारा माणूस मिळायला मला चौदा महिने फोन करावे लागले.